पेरीची जहाजं, गांगह्वाचा तह आणि शाईने काळी केलेली पुस्तकं: अकरावीला आधुनिक जपान शिकवताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते बाकीच्यांनाही कळेल. तुमच्याकडे अकरावीचा जगाचा इतिहास आलाय, आधुनिकीकरणाच्या धड्यात जपान आणि चीन एकत्र आहेत, जपानच्या वाट्याला जेमतेम दहा तासिका येतात, मुलांना अॅनिमे, बुलेट ट्रेन आणि हिरोशिमा एवढंच माहीत आहे, आणि तुम्ही स्वतः बीएला जपान दोन प्रश्नांपुरता वाचलाय. सुरुवात कुठून करू आणि युद्धातले अत्याचार या वयाच्या मुलांना सांगावेत का, असं तुम्ही विचारलंय.

मी बावीस वर्षं इतिहास शिकवतेय, त्यातली सोळा अकरावी-बारावीला. पहिली चार-पाच वर्षं मी जपान जसा मला शिकवला होता तसाच शिकवला, म्हणजे छोटासा देश, शिस्तीची माणसं, पन्नास वर्षांत युरोपच्या बरोबरीला आले, मग युद्ध झालं, बॉम्ब पडले, राखेतून पुन्हा उभे राहिले. मुलांना आवडायचं, पालकांनाही आवडायचं. मग एका वर्षी एका मुलीने तास संपता संपता विचारलं, "मॅडम, एवढा शहाणा देश होता तर मग नानजिंगला ते असं का वागले?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे मेइजी सुधारणांची, १८६८ नंतरच्या आधुनिकीकरणाची, माहिती होती, नानजिंगच्या १९३७ च्या कत्तलीचीही होती, पण या दोन गोष्टींना जोडणारा पूलच मी कधी शिकवला नव्हता. माझ्या शिकवण्यात जणू दोन वेगळे देश होते, एक १९०५ पर्यंतचा कौतुकाचा आणि एक १९३१ नंतरचा क्रूर. तेव्हापासून मी सगळा धडा त्या पुलाभोवती रचते, आणि तो पूल म्हणजे १८७६ साल. त्याच्याकडे येतेच, पण आधी सुरुवात.

सुरुवात हिरोशिमापासून करू नका. बरेच जण करतात, कारण मुलं लगेच शांत होतात आणि लक्ष देतात, पण त्यामुळे जपान म्हणजे ज्याच्यावर काहीतरी झालं तो देश असं एकदा डोक्यात बसतं आणि मग मागे जाऊन कोरिया, मांचुरिया शिकवणं फार अवघड होतं. मी १८५३ पासून करते, आणि तेही ठाण्यापासून. फळ्यावर फक्त दोन तारखा लिहिते: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी. ८ जुलै १८५३, अमेरिकेचा कमोडोर मॅथ्यू पेरी चार युद्धनौका घेऊन एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, खाडीच्या तोंडाशी उरागाला. म्हणजे तीन महिन्यांच्याही आत. आपल्याकडे वाफेचं इंजिन आलं ते राज्यकर्त्यांच्या रेल्वेतून, त्यांच्याकडे आलं ते धूर सोडणाऱ्या काळ्या जहाजांतून. पुढच्या वर्षी पेरी जास्त जहाजं घेऊन परत आला तेव्हा भेट म्हणून त्याने चालणारं छोटं वाफेचं इंजिन आणि तारयंत्रही आणलं होतं. मी मुलांना विचारते की एका हातात तोफ आणि दुसऱ्या हातात खेळण्याएवढी आगगाडी, यातून समोरच्याला काय सांगायचं असेल? यावर अर्धा तास सहज जातो आणि तो वाया जात नाही.

इथे एक गैरसमज मात्र तिथल्या तिथे काढा. पुस्तकं "जपान जगापासून बंद होता" असं म्हणतात आणि मुलं दार लावलेलं घर डोळ्यांसमोर आणतात. प्रत्यक्षात नागासाकीत देजिमा या बेटावर डच होते, चिनी व्यापारी होते, त्सुशिमा जहागिरीमार्फत कोरियाशी संबंध होता, सात्सुमा जहागिरीमार्फत र्‍युक्यू बेटांशी. म्हणजे दार बंद नव्हतं, दारावर शोगुनचा, म्हणजे लष्करी शासकाचा, पहारा होता. हा फरक कळला की पेरीने नेमकं काय मोडलं ते कळतं.

शोगुन आणि सम्राट हे नातं समजवायला मराठी मुलांसाठी सोन्यासारखं उदाहरण आपल्या हातात आहे आणि ते जरूर वापरा, साताऱ्याचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे. गादी एकीकडे, कारभार दुसरीकडे, हुकूम गादीच्या नावाने निघणार पण फौज आणि पैसा दुसऱ्याच्या हातात. क्योतोला सम्राट, एदोला तोकुगावा शोगुन. मुलांना दोन मिनिटांत कळतं. पण तिथेच थांबलात तर घोटाळा होतो, म्हणून लगेच त्यांनाच विचारा की ही तुलना कुठे मोडते. पेशवेपद हे छत्रपतींच्या अष्टप्रधानांतलं पद होतं आणि स्वराज्य उभं केलं ते भोसल्यांनीच, तलवारीच्या जोरावर. सम्राटाचं घराणं मात्र सूर्यदेवतेचा वंश मानलेलं, फार जुनं, आणि शोगुन स्वतःच्या ताकदीवर सत्तेत आलेला. याच फरकामुळे १८६८ मध्ये "सम्राटाला सत्ता परत" ही घोषणा देऊन नवीन राज्य उभं करता आलं. सम्राट तेव्हा पंधरा वर्षांचा होता, तुमच्या वर्गातल्या मुलांपेक्षा लहान, म्हणजे कारभार कोण करत असेल हे वेगळं सांगावं लागत नाही. सात्सुमा आणि चोशू या दोन जहागिरींतले तरुण सामुराई. ही दोन नावं पाठ करून घ्या, बाकी नावांचा आग्रह धरू नका.

आता १८७६. हा तास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मी वर्गाचे दोन गट करते आणि दोन झेरॉक्स देते, साध्या मराठी-इंग्रजीत कलमांचा सारांश. एका कागदावर १८५८ चा अमेरिका-जपान करार: बंदरं उघडा, परदेशी माणसाने गुन्हा केला तर खटला त्याच्याच देशाचा वाणिज्य दूत (कॉन्सल) चालवणार, जकात किती घ्यायची हे जपानने एकट्याने ठरवायचं नाही. दुसऱ्या कागदावर १८७६ चा गांगह्वाचा तह, पण देशांची नावं खोडून, फक्त "क्ष" आणि "य". त्यातही बंदरं उघडायची, त्यातही "क्ष"च्या माणसाने "य"च्या भूमीवर गुन्हा केला तर न्याय "क्ष" करणार. आणि हा तह कसा झाला, तर आधीच्या वर्षी "क्ष"ची युद्धनौका "य"च्या किनाऱ्याजवळ गेली, तिच्यावर गोळीबार झाला, मग "क्ष"ने किनाऱ्यावरची ठाणी फोडली आणि नंतर जहाजं घेऊन तह करायला आले. मुलं छातीठोकपणे सांगतात की क्ष म्हणजे अमेरिका किंवा ब्रिटन आणि य म्हणजे जपान किंवा चीन. मग मी नावं लिहिते. क्ष जपान. य कोरिया.

वर्गात जी शांतता पसरते ना, तिच्यात मी काही बोलत नाही. पेरीनंतर फक्त तेवीस वर्षं झाली होती. ज्यांच्यावर तोफा रोखल्या गेल्या त्यांच्यातलेच तरुण, ते अपमान आठवणारे, आता तोफांच्या मागे उभे होते. आणि जपानवरचे स्वतःचे असमान करार तेव्हा अजून तसेच होते, परदेशी न्यायालयांचा अधिकार १८९९ मध्ये संपला आणि जकातीचा पूर्ण हक्क तर १९११ मध्ये मिळाला. म्हणजे एकाच वेळी दबलेला आणि दाबणारा. हे एकदा मुलांनी स्वतः शोधलं की पुढचं सगळं, १८९५ ला तैवान, १९१० ला कोरिया जोडून घेणं, १९३१ ला मांचुरिया, हे आकाशातून पडल्यासारखं वाटत नाही.

हुशार वर्ग असेल तर गांगह्वाच्या पहिल्याच कलमाकडे लक्ष वेधा. त्यात लिहिलंय की कोरिया हा स्वतंत्र देश आहे आणि त्याला जपानइतकेच सार्वभौम अधिकार आहेत. वाचायला किती छान. मग विचारा, ज्याला दाबायचंय त्याला आधी स्वतंत्र का म्हणायचं? कारण कोरिया चीनच्या छत्राखालचा मानला जायचा, ते छत्र काढलं की चीनला मध्ये पडायला जागा उरत नाही. कागदावरचे शब्द आणि त्यांचं काम यातलं अंतर पकडायला मला आजवर यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

मग येतात सुधारणा, आणि इथे पुस्तक यादी देतं: जहागिरी रद्द १८७१, शिक्षणाचा कायदा १८७२, शिंबाशी-योकोहामा रेल्वे १८७२, सक्तीची लष्करभरती १८७३, जमीन महसूल १८७३. यादी म्हणून शिकवलीत तर परीक्षेनंतर आठवड्याभरात विसरतात. मी एकच प्रश्न फळ्यावर ठेवते: याचे पैसे कोणी भरले? म्हणजे शाळा, रेल्वे, आरमार, हे सगळं आलं कुठून? "समृद्ध देश, बलवान सेना" ही घोषणा पाठ असते सगळ्यांची, पण ती समृद्धी कोणाच्या कष्टातून उभी राहिली हे धड्यात फार बारीक येतं.

पहिलं उत्तर शेतकरी. १८७३ पासून जमिनीच्या किमतीच्या तीन टक्के कर, रोख पैशात, पीक येवो न येवो. पुणे, नगर, सोलापूरच्या मुलांना हे सांगताना मी सुप्याचं नाव घेते, कारण आपल्याकडेही रोख महसूल आणि सावकारी याच्या कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्यांनी १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. तिकडे १८७६ मध्ये शेतकऱ्यांचे मोठे उठाव झाले आणि १८७७ च्या जानेवारीत कर अडीच टक्क्यांवर आणावा लागला. इकडे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. कर कमी करणं आणि कर्जाचा कायदा करणं यात फरक काय, कोणत्या सरकारला शेतकऱ्याची जास्त भीती होती, यावर मुलांनी वाद घालावा, मी निकाल देत नाही. पण आधुनिकीकरण म्हणजे टोकियोतले कोट-टोपीवाले साहेब एवढंच नसून खेड्यातल्या माणसाच्या कणगीत घातलेला हात पण आहे, हे सुप्यामुळे पटकन पोहोचतं.

लष्करभरतीचं पण सांगा. सरकारी फर्मानात देशसेवेला "रक्ताचा कर" असा शब्द वापरला होता, आणि अनेक खेड्यांत लोकांना वाटलं की खरंच रक्त काढून नेणार, त्यावरून दंगे झाले. मुलं हसतात. हसू द्या, आणि मग विचारा की तीन वर्षांसाठी घरचा वीस वर्षांचा कमावता मुलगा नेणार असतील तर त्या लोकांनी लावलेला अर्थ खरंच एवढा चुकीचा होता का.

दुसरं उत्तर मुली. हा भाग मी कधीच घाईत उरकत नाही. १८७२ मध्ये तोमिओकाला सरकारी रेशीम कारखाना निघाला, फ्रेंच यंत्रं, फ्रेंच तंत्रज्ञ पॉल ब्रुना. कामाला मुली मिळेनात कारण अफवा पसरली की परदेशी लोक मुलींचं रक्त पितात, लाल वाइन पिताना पाहिलेलं असणार कोणीतरी. शेवटी कारखान्याच्या व्यवस्थापकाने स्वतःच्या मुलीला सगळ्यात आधी पाठवलं. सुरुवातीच्या बऱ्याच मुली सामुराई घरांतल्या, त्यांना तिथे मान होता. पण पुढे खासगी गिरण्या वाढल्या, नागानो भागात ओकाया, सुवाकडे, आणि तिथे गरीब शेतकऱ्यांच्या मुली डोंगरातल्या खिंडी पायी ओलांडून यायच्या, बापाने आगाऊ उचल घेतलेली असायची, बारा-चौदा तास काम, कोंदट वाफेत, आणि कितीतरी जणी क्षय घेऊन घरी परतायच्या. कच्चं रेशीम कितीतरी दशकं जपानची सगळ्यात मोठी निर्यात होती. त्या परकीय चलनातून यंत्रं आणि जहाजं विकत घेतली गेली. १९०५ च्या रशियाविरुद्धच्या त्सुशिमाच्या लढाईत अॅडमिरल तोगोचं मिकासा हे मुख्य जहाज ब्रिटनमध्ये बांधलेलं होतं. मी फळ्यावर एका टोकाला तेरा-चौदा वर्षांची मुलगी लिहिते, दुसऱ्या टोकाला मिकासा, आणि मधली साखळी मुलांना भरायला सांगते. ज्यांच्या घरी ऊसतोडीची उचल माहीत आहे ती मुलं ही साखळी सगळ्यात आधी भरतात, असा माझा अनुभव आहे, आणि एरवी तासाला गप्प बसणारी असतात ही मुलं.

मुंबईत शिकवत असाल तर कापूसही घ्या. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन काइशा या कंपनीने मुंबईला थेट जहाजं सुरू केली, त्यात जमशेदजी टाटांचा पुढाकार होता. इथला कापूस ओसाकाच्या गिरण्यांत जायला लागला, आणि थोड्याच वर्षांत त्याच कापसाचं जपानी सूत चीनच्या बाजारात मुंबईच्या सुताला भारी पडलं. गिरणगावातल्या मुलांसाठी जपान हा लांबचा देश उरत नाही मग.

१८९५ ते १९३० हा पट्टा मी भरभर नेते. लढाया, तह, मंत्रिमंडळं यात अडकू नका. फक्त १९२५ साल मात्र थांबून घ्या, कारण एकाच वर्षी दोन कायदे झाले: पंचवीस वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना मत, आणि शांतता रक्षणाचा कायदा, ज्याखाली डाव्या विचाराच्या आणि नंतर जवळजवळ कुठल्याही वेगळ्या विचाराच्या माणसाला उचलता यायचं. १८९० च्या पहिल्या निवडणुकीत मत होतं लोकसंख्येच्या साधारण एका टक्क्याला, म्हणजे १९२५ ही केवढी मोठी उडी. एका हाताने मत आणि दुसऱ्या हाताने तोंडावर पट्टी. दरवाजा उघडत होता की बंद होत होता, हा निबंधाला उत्तम विषय आहे.

आता तुमचा अवघड प्रश्न, अत्याचार सांगायचे का. माझं उत्तर हो, सोळा वर्षांच्या मुलांना सांगायचे, सरळ शब्दांत, पण तपशिलाची मोजदाद न करता आणि फोटो न दाखवता. डिसेंबर १९३७ मध्ये नानजिंग पडल्यावर कैद्यांना आणि नागरिकांना मोठ्या संख्येने मारलं, स्त्रियांवर बलात्कार झाले. हे वाक्य मी असंच म्हणते, "दुर्दैवी घटना" वगैरे म्हणत नाही. आकड्यांवरून आजही वाद आहे, चीन तीन लाख म्हणतो, युद्धगुन्ह्यांवरच्या टोकियोच्या खटल्याच्या निकालात दोन लाखांवर म्हटलंय, जपानी अभ्यासकांचे आकडे खूप वेगवेगळे. मुलांना सांगा की आकड्याचा वाद हा अभ्यासाचा भाग आहे, पण त्या वादामागे लपून "झालंच नाही" असं कोणी म्हणत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. सैन्यासाठी जबरदस्तीने किंवा फसवून नेलेल्या कोरियन आणि इतर देशांतल्या स्त्रियांबद्दलही मी बोलते, आणि किम हाक-सुन यांच्यापासून सुरू करते, ज्या १९९१ मध्ये स्वतःच्या नावानिशी लोकांसमोर येऊन बोलल्या. जवळपास पन्नास वर्षांनी. मुली हा भाग फार मन लावून ऐकतात, आणि एवढी वर्षं त्या का बोलल्या नसतील हा प्रश्न त्या स्वतःच विचारतात. आदल्या दिवशी वर्गाला सांगून ठेवा की उद्याचा विषय जड आहे, कोणाला त्रास झाला तर बाहेर जाऊन बसलं तरी चालेल. हेडना पण आधी कल्पना देऊन ठेवा, म्हणजे पालकांचा फोन आला तर तुम्ही एकट्या पडणार नाही. माझ्यावर एकदा ती वेळ आलेली आहे आणि आधी सांगून न ठेवल्याची चूक माझी होती.

महाराष्ट्रातल्या वर्गात इथे आणखी एक गाठ येते आणि ती टाळू नका. मुलं म्हणतात, पण जपानने तर नेताजींना मदत केली! बरोबर आहे. मग मी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणते. १९३८ मध्ये, वय अठ्ठावीसच्या आतबाहेर, पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते. जपानी फौजांशी लढताना जखमी झालेल्या चिनी सैनिकांवर कोटणीसांनी शस्त्रक्रिया केल्या, तिथेच लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले, बत्तीसाव्या वर्षी. त्याच १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपानच्या कैदेत आलेल्या भारतीय सैनिकांतून आझाद हिंद सेना उभी राहत होती. दोघंही देशासाठी झटणारे भारतीय, एक जपानविरुद्ध लढणाऱ्यांच्या उशाशी, एक जपानच्या बरोबर. कोण बरोबर असं विचारू नका, मुलं लगेच टाळ्या आणि घोषणांवर येतात. असं विचारा की सोलापुरातून निघताना आणि सिंगापूरच्या छावणीत बसल्यावर, प्रत्येकाला समोर काय दिसत होतं? कोणाला कोणती गोष्ट माहीत होती?

आणि मग अंदमान. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, हे सगळ्यांना माहीत असतं. बरोबर एक महिन्याने, ३० जानेवारी १९४४ ला, त्याच बेटावर होमफ्रेगंजला जपानी सैन्याने हेरगिरीच्या संशयावरून ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या. सेल्युलर जेल म्हटलं की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर सावरकर येतात, पण त्या जेलमध्ये जपानी ताब्यात असताना अंदमानातल्याच लोकांचा छळ झाला हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. यासोबत गांधीजींचं जुलै १९४२ चं "हरिजन"मधलं जपानी जनतेला उद्देशून लिहिलेलं पत्र जरूर वाचायला द्या. ब्रिटिशांना "चले जाव" म्हणायच्या तोंडावर लिहिलेलं, आणि त्यात चीनवरच्या हल्ल्याबद्दल जपानला स्पष्ट सुनावलेलं आहे. शत्रूचा शत्रू तो मित्र, याच्या पलीकडे विचार करता येतो हे त्या पत्रातून दिसतं.

हिरोशिमाला मी एक पूर्ण तास देते, पण "बॉम्ब टाकायला हवा होता का" अशी वादस्पर्धा घेणं मी सोडून दिलंय. त्यात दोन बाजू पडतात आणि जास्त आवाजाची बाजू जिंकते, लाखो माणसांच्या मरणावर टाळ्या पडतात, मला ते बघवलं नाही. त्याऐवजी तारखांच्या चिठ्ठ्या करते. ९-१० मार्च, टोकियोवर आगीचे बॉम्ब, एका रात्रीत साधारण एक लाख मृत्यू. २६ जुलै, जपानला शरण या म्हणणारी पॉट्सडॅम घोषणा. ६ ऑगस्ट, सकाळी ८:१५, हिरोशिमा. ८ ऑगस्ट, सोव्हिएत रशियाची युद्धघोषणा. ९ ऑगस्ट, सकाळी ११:०२, नागासाकी. १५ ऑगस्ट, सम्राटाचं रेडिओवरचं भाषण. प्रत्येक गटाला एक चिठ्ठी, आणि काम असं की त्या दिवशी ट्रुमनना, टोकियोतल्या मंत्र्यांना आणि हिरोशिमातल्या साध्या माणसाला काय माहीत होतं आणि काय माहीत नव्हतं ते लिहा. तिसरा रकाना जवळजवळ रिकामाच राहतो, आणि तो रिकामा रकाना बघूनच मुलं गंभीर होतात. हेही सांगा की हिरोशिमात मेलेल्यांत हजारो कोरियन होते, कामासाठी आणलेले. कागदी क्रेन (क्रौंच पक्षी) करायच्या असतील तर करा, पण हा सगळा अभ्यास झाल्यावर, त्याच्या ऐवजी नाही. आणि १५ ऑगस्ट ही तारीख दोन वर्षांनी आपल्याकडे का आली, माउंटबॅटननी ती जपानच्या शरणागतीच्या आठवणीने निवडल्याचं पुढे स्वतः सांगितलं, हे ऐकून मुलं चमकतात.

२ सप्टेंबर १९४५ ला मिसुरी जहाजावर शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या तेव्हा तिथे एक जुना, एकतीस ताऱ्यांचा अमेरिकी झेंडा काचेत लावलेला होता. पेरीचा, १८५३ चा. पहिल्या तासाला ठाण्याची गाडी आणि काळी जहाजं घेतलीत तर हा झेंडा वर्गाला तुम्ही समजवावाच लागणार नाही.

यानंतरचा माझा सगळ्यात आवडता तास. युद्ध संपल्यावर त्याच शरद ऋतूत जपानी शाळांत मुलांना ब्रश आणि शाई घेऊन बसवलं आणि पाठ्यपुस्तकातले युद्धाचे, लष्कराचे गोडवे गाणारे उतारे त्यांच्याच हाताने काळे करायला लावले. नवीन पुस्तकं छापायला कागद नव्हता. काल ज्या गुरुजींनी तोच उतारा घोकून घेतला, तेच गुरुजी आज सांगत होते की पान अमुक, ओळ तमुक ते तमुक, काळं करा. मी मुलांना मी स्वतः टाइप केलेलं एक पान देते, युद्धकाळातल्या धड्यासारखं लिहिलेलं, तसं आधी सांगूनच, आणि काळे मार्कर. एका मुलाला गुरुजी करते. ते पाच मिनिटांत संपतं, मग पान खिडकीशी धरायला सांगते. अक्षरं दिसतात. मग मुलं बोलायला लागतात, आणि मी गप्प बसते. त्या गुरुजींना काय वाटलं असेल हे मुलं विचारतात तेव्हा, खरं सांगते, माझ्याही घशात येतं, कारण तो प्रश्न माझ्या पेशाला आहे. याच्या पुढचा दुवा म्हणजे इतिहासकार इएनागा साबुरो, ज्यांनी आपल्या पाठ्यपुस्तकातला मजकूर सरकारी तपासणीत बदलायला लावला म्हणून १९६५ मध्ये सरकारविरुद्ध खटला भरला आणि ती न्यायालयीन लढाई वेगवेगळ्या खटल्यांतून १९९७ पर्यंत चालली. बत्तीस वर्षं. काही मुद्दे हरले, काही जिंकले.

नवी राज्यघटना, तिचं युद्धाचा त्याग करणारं नववं कलम, जमीन सुधारणा हे पुस्तकात नीट आहे, तिथे माझी भर एवढीच की अमेरिकी ताब्याच्या प्रशासनात काम करणाऱ्या बाविशीतल्या बियाटे सिरोटा या मुलीने स्त्रियांच्या समान हक्कांचं कलम लिहायला घेतलं हे सांगा, आणि एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत ३९ स्त्रिया निवडून आल्या हेही. आर्थिक भरभराटीला एक तासिका पुरते. १ ऑक्टोबर १९६४ ला शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) आणि १० तारखेला ऑलिंपिक, ज्योत पेटवणारा साकाई योशिनोरी हा ६ ऑगस्ट १९४५ लाच हिरोशिमा प्रांतात जन्मलेला, पण त्याच श्वासात मिनामाता सांगा, जिथे कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने मासे विषारी झाले आणि माणसांना विषबाधा झाली, १९५६ मध्ये आजार अधिकृतपणे नोंदला गेला आणि तरी ते सांडपाणी १९६८ पर्यंत सोडत राहिले. पुन्हा तोच प्रश्न, पैसे कोणी भरले.

खालच्या वर्गांना, आठवी-नववीला, जपानवर एखादीच तासिका मिळाली तर हत्तीची गोष्ट सांगा. युद्धात १९४३ मध्ये टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती उपाशी ठेवून मारले गेले. १९४९ मध्ये तिथल्या मुलांनी नेहरूंकडे हत्ती मागितला आणि त्यांनी म्हैसूरहून इंदिरा नावाची हत्तीण पाठवली. एवढ्या गोष्टीत युद्ध, भूक आणि नंतरची मैत्री सगळं येतं आणि लहान मुलांना झेपतं.

नावांचं थोडंसं. जपानी नावं देवनागरीत इंग्रजीपेक्षा खूप चांगली बसतात, म्हणून फळ्यावर देवनागरीतच लिहा आणि आडनाव आधी येतं हे पहिल्याच दिवशी सांगा. पेपर तपासताना स्पेलिंगचे मार्क कापू नका. प्रश्नपत्रिकेत "मेइजी सुधारणा स्पष्ट करा" याच्या जोडीला एक तरी उताऱ्यावरचा प्रश्न ठेवा, गांगह्वाचं पहिलं कलम त्याला अगदी योग्य आहे, चार ओळींचं आणि खोल.

आणि दहाच्या सहा तासिका झाल्या, गॅदरिंग किंवा निवडणूक ड्यूटीमध्ये बाकीच्या गेल्या, तर गाळायचं काय हेही सांगून ठेवते कारण ती वेळ येतेच. रूस-जपान युद्धाच्या लढाया गाळा, सगळी मंत्रिमंडळं गाळा, आर्थिक चमत्कार घरी वाचायला द्या. १८५३ आणि १८७६ एकाच तासात बसवा, क्ष आणि य चा कागद मात्र द्याच. रेशमाच्या मुली अर्ध्या तासात होतात. कोटणीस आणि अंदमान एका तासात. हिरोशिमाला एक. आणि शाईचा तास शेवटी ठेवा, पाठोपाठ दुसरा विषय नसेल अशा वेळी, म्हणजे मधल्या सुट्टीआधी किंवा दिवसाच्या शेवटी, कारण घंटा झाली तरी मुलं उठत नाहीत. माझी गांगह्वाची आणि शाईची वर्कशीट हवी असतील तर सांगा, पाठवते, फक्त तुमच्या वर्गाच्या भाषेनुसार शब्द सोपे करून घ्या.